कबड्डीपटूचा प्रशिक्षक होताना

कबड्डीपटूचे शरीर साधारण तिशीच्या मध्यापर्यंत साथ देते. गुडघा, घोटा आणि खांदा हे तीन सांधे आधी कुरकुरू लागतात. मग चढाईतली पहिली झेप अर्ध्या पावलाने आखूड पडते आणि कोपऱ्यातल्या पोराच्या ते सर्वांत आधी लक्षात येते. त्यानंतर कामाची निदान पंचवीस वर्षे उरतात. या वर्षांसाठी खेळाडूला सर्वांत सहज सुचणारा व्यवसाय प्रशिक्षकाचा, आणि सर्वांत कमी तयारीने पत्करला जाणाराही तोच. खेळ येतो म्हणजे शिकवताही येईल, असा समज त्यामागे असतो. हा समज पुष्कळ चांगल्या खेळाडूंना महागात पडला आहे.

या व्यवसायातली सर्वांत बोधक उदाहरणे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सापडतात, कारण तिथे प्रत्येक सामन्याचा हिशेब जपलेला असतो. मॅजिक जॉन्सन हा त्या खेळाच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक. मार्च १९९४ मध्ये तो स्वतःच्याच जुन्या संघाचा, लॉस एंजेलिस लेकर्सचा, प्रशिक्षक झाला. १६ सामन्यांत पाच विजय आणि ११ पराभव पदरी पडले, शेवटचे दहा सामने तर ओळीने गेले, आणि हंगाम संपताच त्याने ते काम सोडले. याउलट फिल जॅक्सन खेळाडू म्हणून राखीव फळीतला. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे १९६९-७०चा पूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर काढावा लागला. ते वर्ष त्याने आपले प्रशिक्षक रेड होल्झमन यांच्या सहवासात खेळ बाहेरून न्याहाळण्यात घालवले. पुढे दुय्यम लीगमध्ये आणि पोर्टो रिकोत उमेदवारी केली, १९८७ मध्ये शिकागो बुल्सचा साहाय्यक झाला, १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक. शिकागोला सहा आणि लेकर्सला पाच अशी ११ विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. याला अपवादही आहे. बिल रसेल हा महान खेळाडू १९६६ पासून बोस्टनचा खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका एकाच वेळी करत होता, आणि १९६८ व १९६९ अशी दोन विजेतेपदे त्याने त्याच पद्धतीने मिळवली. पण अपवादाकडे पाहून कोणी आपला संसार बेतू नये.

महाराष्ट्रात ‘व्यावसायिक कबड्डीपटू’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही लक्षात घ्यावे लागतात. जुना अर्थ कंपनीच्या किंवा खात्याच्या संघातला खेळाडू असा. रेल्वे, पोलीस, बँका, महिंद्रा, भारत पेट्रोलियम यांचे संघ आणि त्यांच्यासाठीच्या व्यावसायिक गटाच्या स्पर्धा आपल्याकडे कित्येक वर्षे चालत आल्या. इथे खेळाडूला नोकरी असते आणि खेळ थांबल्यावरही ती टिकते. नवा अर्थ २०१४ च्या प्रो कबड्डी लीगने आणला. तिथे लिलाव होतो, हंगामापुरता करार होतो, पैसा मोठा मिळतो आणि दुखापत झाली की पुढचा हंगाम अनिश्चित होतो. पहिल्या प्रकारच्या खेळाडूला प्रशिक्षकपदाची तयारी सावकाश करता येते. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूने ती पहिल्या करारापासूनच सुरू करावी.

लीगच्या गेल्या दहा वर्षांनी निवृत्त खेळाडूंची मोठी पिढीच प्रशिक्षकाच्या बाकावर आणून बसवली. मनप्रीत सिंगचा प्रवास त्यांत विशेष पाहण्याजोगा आहे. तिसऱ्या हंगामात, २०१६ मध्ये, पाटणा पायरेट्सने विजेतेपद मिळवले तेव्हा तो त्यांचा कर्णधार होता. प्रशिक्षक म्हणून गुजरातला त्याने पाचव्या आणि सहाव्या हंगामात सलग अंतिम फेरी गाठून दिली. दोन्ही वेळा हार झाली. मग हरियाणा स्टीलर्स. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने त्यांना २८-२५ असे हरवले. म्हणजे तीन अंतिम सामने आणि तीन पराभव. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात, बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे नमवले. खेळाडू म्हणून एका हंगामात मिळालेली गोष्ट प्रशिक्षक म्हणून मिळवायला चार अंतिम सामने लागले, आणि जिंकला तो स्वतःच्याच जुन्या संघाविरुद्ध. अनुप कुमार तर २०१६ चा विश्वचषक जिंकणारा भारताचा कर्णधार आणि यू मुंबाच्या २०१५ च्या विजेतेपदाचा म्होरक्या. डिसेंबर २०१८ मध्ये तो निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये लगेच पुणेरी पलटणचा प्रशिक्षक. त्या हंगामात संघ १२ जणांत दहावा आला. त्यात अनुपची योग्यता कमी ठरत नाही. खेळणे आणि खेळवणे यांच्यामध्ये जी शिकाऊ वर्षे असतात, ती कोणालाच चुकत नाहीत, एवढेच त्यातून दिसते. पुण्याच्याच संघाच्या प्रशिक्षकपदी पूर्वी अशोक शिंदे होते. कबड्डीचा आशियाई खेळांत प्रथम समावेश झाला त्या १९९० च्या बीजिंग स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघाचे ते खेळाडू.

मराठी वाचकांसाठी सर्वांत जवळचे उदाहरण नाशिकच्या शैलजा जैन यांचे. महाराष्ट्रात दीर्घकाळ मुलींना कबड्डी शिकवल्यानंतर, निवृत्तीच्या वयात, त्यांनी इराणच्या महिला संघाचे काम स्वीकारले. भाषा, खाणे, पेहराव, सगळेच परके. कामापुरती फारसी त्या शिकल्या, सरावात प्राणायाम आणि योगासने आणली. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक पटकावले. आपल्याकडे त्या दिवशी हळहळ आणि अभिमान अशा दोन्ही भावना एकदम व्यक्त झाल्या. शिकवण्याच्या विद्येची कसोटी पाहायची तर हाच सामना पाहावा, कारण शिष्या नवख्या देशाच्या होत्या आणि समोर या खेळाची जन्मभूमी होती.

आता ही वाट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून कशी सुरू होते ते पाहू. पूर्णगड हे रत्नागिरीच्या दक्षिणेला, मुचकुंदी नदीच्या मुखावरचे गाव. टेकडीवर छोटा किल्ला, खाडीपलीकडे गावखडी, अलीकडे पावस. कोकणातल्या इतर गावांप्रमाणे या पट्ट्यातही कबड्डीचा हंगाम पावसावर ठरतो. जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असते, भातकापणी उरकली की वाडीवाडीत आखणी होते, आणि मग रात्री दिव्यांच्या उजेडात मंडळांचे सामने चालतात. इथला खेळाडू लाल मातीत, अनवाणी, सात-आठ महिन्यांच्या हंगामात घडलेला असतो. राज्य किंवा राष्ट्रीय स्तरावर गेला तर तो मॅटवर जातो, आणि तिथून परतल्यावर गावात प्रशिक्षक म्हणून त्याची खरी किंमत इथेच ठरते: मातीतून मॅटवर जाताना काय बदलते, हे त्याने अंगावर सोसलेले असते.

हा बदल साधा नाही. मातीत पाय सरकतो. मॅटवर बूट चिकटतो. मातीत घसरून वळणारा चढाईपटू मॅटवर तसाच वळला तर पाऊल जागीच राहते आणि गुडघा पिळवटतो. म्हणून गावातल्या प्रशिक्षकाने मॅट नसली तरी मुलांना बूट घालून धावण्याची, थांबण्याची आणि दिशा बदलण्याची सवय आधीपासून लावावी. शाळेचा व्हरांडा किंवा सभागृहाची फरशी यासाठी वापरू नये. तिथे पडले तर लागते. तालुक्याला किंवा जिल्ह्याला मॅटचे मैदान महिन्यातून दोनदा मिळवता आले तरी पुष्कळ आहे.

प्रशिक्षकाचे पहिले अवघड काम भाषेचे असते. खेळाडूचे ज्ञान हातापायांत असते, ते शब्दांत आणावे लागते. चवडा पकड उत्तम करणाऱ्याला ‘कशी करतोस?’ असे विचारले तर तो बहुधा करून दाखवतो आणि म्हणतो, ‘अशी.’ शिकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. तीच गोष्ट उलगडून सांगता येते. चढाईपटूच्या ज्या पायावर शरीराचा भार असतो, तो पाय त्याला चटकन मागे घेता येत नाही; म्हणून कोपरारक्षकाने त्याच्या हाताकडे न बघता कमरेकडे बघावे, भार पुढच्या पायावर गेला की त्याच क्षणी खाली जावे, घोटा दोन्ही हातांनी धरून आपल्या छातीकडे ओढावा, आणि शेजारच्याने तोल सावरू न देता लगेच साखळी बंद करावी. यातला प्रत्येक भाग वेगळा शिकवता येतो आणि चुकला तर कुठे चुकला ते सांगता येते. निवृत्त होऊ पाहणाऱ्या खेळाडूने आपल्या हुकमी पाच कौशल्यांची अशी फोड वहीत लिहून काढावी. पहिल्याच पानावर अडायला होते, आणि अडणे हीच इथली सुरुवात.

दुसरे काम बघण्याचे. खेळाडू स्वतःची चढाई बघतो; प्रशिक्षकाला सातही जण एकदम दिसावे लागतात. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत, ३० सेकंदांची एक चढाई धरली तर सामन्यात साधारण ८० चढाया होतात. प्रत्येकीची एका ओळीत नोंद करावी: चढाई कोणाची, कोणत्या बाजूने, बोनसचा प्रयत्न झाला का, पकड कोणी सुरू केली, गुण कोणाला. मोबाइल अंतिम रेषेच्या मागे उंचावर बांधून चित्रण केले तर ही नोंद घरी बसून करता येते. पाच सामन्यांच्या नोंदीतून जे कळते, ते पाच वर्षांच्या आठवणीतून कळत नाही. आपला उजवा कोपरा घाईने पुढे जातो, समोरचा मुख्य चढाईपटू दमला की नेहमी डावीकडूनच येतो, आपण लोण पडल्यानंतरच्या दोन चढायांत गुण गमावतो, असल्या गोष्टी आकड्यांनीच उघड होतात. गावाकडच्या पंचांचे गुणपत्रक जपून ठेवले तरी निम्मे काम होते.

सरावाची आखणी करताना बहुतेक नवे प्रशिक्षक एकच चूक करतात: धावायला लावतात, जोर काढायला लावतात आणि उरलेला वेळ सामना खेळवतात. मुले दमतात, पालक खूश होतात, खेळ मात्र तसाच राहतो. दीड तासाच्या सरावात अंग मोकळे करण्याला पंधरा मिनिटे, एकाच कौशल्याला अर्धा तास आणि प्रसंगांना अर्धा तास द्यावा. उरलेला वेळ सामन्याला आणि शेवटच्या ताण काढण्याला. प्रसंग म्हणजे सामन्यातली नेमकी अडचण उभी करणे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत, तिसरीत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. मैदानात आपले तीनच खेळाडू उरले आहेत, पकड झाली तर जादा गुण, सुटली तर लोण जवळ. दोन मिनिटे बाकी, तीन गुणांची आघाडी, वेळ कसा काढायचा. अशा एकेका प्रसंगावर रोज दहा मिनिटे घालवलेला संघ दडपणाखाली गोंधळत नाही, कारण तो क्षण त्याने आधी पन्नास वेळा पाहिलेला असतो.

सामना सुरू झाल्यावर प्रशिक्षकाच्या हातात फार थोडे उरते. नियमानुसार प्रत्येक डावात दोन टाइमआऊट, तेही अर्ध्या मिनिटाचे. त्यात एकच सूचना द्यावी, आणि ती एकाच खेळाडूचे नाव घेऊन. रेषेबाहेर उभे राहून प्रत्येक चढाईवर ओरडणारा प्रशिक्षक प्रेक्षकांना कर्तबगार वाटतो. खेळाडूंच्या कानात मात्र त्याच्या आवाजाचा फक्त गोंगाट पोचतो.

औपचारिक शिक्षणाकडे कोकणात दुर्लक्ष होते आणि मग नोकरीच्या जाहिरातीपाशी गाडी अडते. क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक ही दोन वेगळी पदे आहेत. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे तर शारीरिक शिक्षणाची पदवी, म्हणजे बी.पी.एड., लागते. प्रशिक्षकपदासाठी पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका ही देशभर मानली जाणारी पात्रता. खेळाडूंच्या बोलण्यात ती नुसती ‘एन.आय.एस.’ असते. ही संस्था १९६१ पासून आहे आणि आता भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या अखत्यारीत चालते. एक वर्ष घर सोडून राहणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो पदविकेची जागा घेत नाही, पण शरीरशास्त्र, आहार आणि सरावाची आखणी यांची ओळख करून देतो. दोन्हींसाठी शिक्षणाबरोबर खेळातल्या सहभागाची प्रमाणपत्रे मागितली जातात. म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडून केवळ खेळाच्या भरवशावर राहिलेल्या मुलाची पुढे कोंडी होते. पदवी मुक्त विद्यापीठातून का होईना, खेळतानाच पूर्ण करावी.

याशिवाय एक पायरी अगदी हाताशी असूनही फार कमी खेळाडू चढतात, ती पंच परीक्षेची. राज्य कबड्डी संघटना ही परीक्षा घेते. नियम पंचाच्या नजरेने शिकलेला प्रशिक्षक वादात वेळ घालवत नाही आणि आपल्या मुलांना राखीव क्षेत्रातली झटापट, निदानरेषेचे बंधन, चढाईपटू बाद कधी धरायचा यांतले बारकावे शिकवू शकतो. शिवाय हंगामात पंचगिरीचे मानधन मिळते आणि जिल्हाभर ओळख होते.

मिळकतीबद्दल भ्रम नसावा. गावाच्या मंडळाचा प्रशिक्षक त्या कामावर घर चालवू शकत नाही. चालवता येते ते चार-पाच ओढे एकत्र आणून: एखाद्या शाळेशी वर्षाचा करार, मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी येतात तेव्हाचे उन्हाळी शिबिर, पंचगिरी, जिल्हा संघाच्या सराव शिबिरातले मानधन. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत माजी विजेत्या खेळाडूंना प्रशिक्षक नेमून छोटी केंद्रे चालवण्याची तरतूद २०२० पासून आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने तिची चौकशी रत्नागिरीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जरूर करावी. ज्याला खेळामुळे खात्यात किंवा कंपनीत नोकरी मिळाली आहे, त्याने ती सोडून प्रशिक्षक होण्याची घाई करू नये. त्याच संघात साहाय्यक म्हणून शिरावे. ज्येष्ठ प्रशिक्षकाची बॅग उचलत काढलेली दोन-तीन वर्षे पतियाळाच्या वर्गाइतकीच मोलाची असतात.

लहान मुलांचा प्रशिक्षक झाल्यावर काही जबाबदाऱ्या खेळापलीकडच्या येतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि कबड्डीत वजनाची मर्यादाही असते. वरिष्ठ पुरुष गटात ती ८५ किलो आहे. वजनाच्या आदल्या रात्री पोराला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून पळवणे हे प्रकार सर्रास चालतात. त्यात चक्कर येते, स्नायू आखडतात, आणि वाढीच्या वयात नुकसान कायमचे होते. वयाचा दाखला बदलणे तर उघड फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखालचा मुलगा वयात आल्यावर कुठेच टिकत नाही, कारण त्याला बरोबरीच्यांशी झुंजायची सवयच झालेली नसते. मुलींचा संघ असेल तर सरावाची वेळ उजेडातली ठेवावी, बाहेरगावी जाताना महिला व्यवस्थापक बरोबर असावी आणि पालकांना सरावाला येऊन बसण्याची मोकळीक असावी. कोकणात मुलींचा खेळ बंद पडतो तो बहुधा दहावीच्या आसपास, आणि त्याचे कारण दुखापतीपेक्षा घरच्यांची काळजी हेच जास्त वेळा असते.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग अंतिम सामना का असेना. प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक मैदानावर हवा. पूर्णगडसारख्या गावासाठी जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला आहे; रात्रीच्या सामन्याला एक गाडी आधीच सांगून ठेवणे हे आयोजकांइतकेच प्रशिक्षकाचेही काम आहे.

तयारीचा क्रम लावायचा तर असा लागतो. खेळत असतानाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत पदवी, पंच परीक्षा आणि वहीतल्या नोंदी. निवृत्तीच्या वर्षी सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम किंवा पदविकेचा अर्ज. त्यानंतर निदान दोन हंगाम कोणाचा तरी साहाय्यक म्हणून, मग चौदा वर्षांखालील मुलांचा स्वतंत्र संघ. मोठ्यांचा संघ मिळतो म्हणून लगेच घेऊ नये. कालपर्यंत बरोबर खेळलेल्या मित्रांना बाहेर बसवण्याचे काम त्यात पहिल्याच आठवड्यात करावे लागते, आणि गावात ते वैर वर्षानुवर्षे पुरते.

अर्ज कुठलाही असो, त्याला सहभागाची आणि विजेतेपदाची मूळ प्रमाणपत्रे लागतात. ती खेळतानाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून, छायाप्रतींसह, पत्र्याच्या पेटीत ठेवावीत. कोकणातला एक पावसाळा आणि थोडी वाळवी एवढ्यावर दहा वर्षांची कागदपत्रे नाहीशी होतात, आणि दुसरी प्रत मिळवण्यासाठी संघटनेच्या कार्यालयाचे खेटे घालावे लागतात.